पायाला चिखल आहे हो!

दोन तास. तळ्याकाठच्या ओल्या चिखलात दोन तास मी पालथी पडून होते. कोपरं भिजली, मानेला रग लागली, नाकावर चिलटं बसली. कशासाठी? तर चिमणीहून लहान अशा एका पाखराच्या पायांचा रंग बघायला.

टिलवा. बारा-चौदा सेंटिमीटरचा जीव, पार टुंड्रातून उडत येतो आणि येताना अंगावरचे सगळे रंग जणू तिकडेच ठेवून येतो. वरून करडा, खालून पांढरा, झालं. हिवाळ्यात छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा लांबून बघावेत तर जुळे भाऊ. पुस्तक म्हणतं, सोपं आहे, पाय बघा. छोट्याचे काळे, टेमिंकचे पिवळसर. अरे, पण हा पक्षी दिवसभर चिखलात चरतो! चिखलाचे मोजे चढवलेत त्याने, त्यातून पाय कुठून बघू? पुस्तकातला पक्षी मात्र न्हाऊन-माखून फोटो काढायला उभा राहिल्यासारखा. त्यातही मोठं चित्र विणीच्या पिसाऱ्यातलं, जो आपल्याला क्वचितच दिसतो. आपल्याला दिसतो तो हिवाळी पक्षी कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा.

कॅमेऱ्याची तर वेगळीच थेरं. पक्षी सोडून फोकस पुढच्या लव्हाळ्यावर. लव्हाळं काय सुरेख आलंय म्हणून सांगू! एकेक तंतू मोजून घ्या. मागे जो करडा ठिपका आहे ना, त्याच्यासाठी मी पहाटे उठले होते. जरा ऊन चढलं की चिखलावरची हवा थरथरायला लागते. मग लेन्स कितीही भारी असो आणि शटर १/२००० वर ठेवा नाहीतर आणखी कुठे, पक्षी पाण्यात बुडवून काढल्यासारखाच येतो. म्हणजे कामाचा उजेड हातात जेमतेम तासभर.

तर त्या तासाच्या शेवटी टिलवा एकदाचा स्वच्छ पाण्याकडे निघाला. टुकूटुकू, थांबत, वाकत. छोटा असता तर इकडून तिकडे भराभर धावला असता. हा सावकाश, अंग चोरून चाललेला. माझ्या मनात पाल चुकचुकलीच होती. एक पाऊल पाण्यात. दुसरं पाऊल. चिखल सुटायला लागला, मी श्वास धरला, आणि मागून आवाज:

"काही दिसतंय का?"

भडक केशरी जाकीट. हातात मोबाइल, पुढे धरलेला. आणि हा माणूस थेट काठापर्यंत चालत गेला हो! मोबाइलवर टिलवा काढायला! मोबाइलवर टिलवा म्हणजे भिंतीवरचा डाग. पण नाही, जवळ जायचंच. हे पक्षी हजारो किलोमीटर उडून इथे चरायला येतात, परतीच्या प्रवासाची चरबी इथेच साठवतात. दर वेळी असं उठवलं की साठवलेलं थोडं जळतं. दिवसातून दहा जणांनी उठवलं तर त्याने खायचं कधी?

उडाला. सरळ वर चढला, चढता चढता "ट्रिर्रर्र" अशी बारीक किणकिण, आणि शेपटीच्या दोन्ही कडा पांढऱ्याशुभ्र. टेमिंक! छोटा असा ओरडत नाही, त्याची तुटक "टिट्" असते, आणि त्याच्या शेपटीच्या कडा करड्या. मी कानांनी ऐकलं, डोळ्यांनी बघितलं. कॅमेऱ्यात आल्या तीन फ्रेम: एका पंखाचा फराटा, नुसतं आभाळ, आणि पुन्हा ते लव्हाळं.

पक्षी बसला पलीकडच्या काठावर, बरोबर सूर्याच्या खाली. तिथे काढला. वेडेपणा माझाच, तो फोटो घरी आल्यावर आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपवर टाकला. खाली स्पष्ट लिहिलं: टेमिंकचा टिलवा, उडताना आवाज ऐकला, शेपटीच्या कडा पांढऱ्या.

मिनीटसुद्धा झालं नसेल. ग्रुपवर ज्यांना सगळे 'सर' म्हणतात त्यांचं उत्तर आलं: "ताई, पाय काळे आहेत. छोटा टिलवा."

सर, सूर्य मागे आहे! त्या फोटोत पाय काळे, चोच काळी, काठावरचा दगडसुद्धा काळा आहे! मी लिहिलं, आवाज ऐकलाय. तर म्हणे, "रेकॉर्डिंग आहे का?" शेपटी बघितलीय. "फोटो आहे का?" म्हणजे दोन तास तिथे पडून राहिलेल्या बाईचे कान-डोळे खोटे आणि उन्हाविरुद्धची काळी सावली खरी. अर्ध्याअधिक वटवट्या पक्ष्यांची ओळख आवाजावरच पटते, हे याच सरांनी गेल्या हिवाळ्यात आम्हाला तासभर ऐकवलं होतं. तेव्हा कुणी रेकॉर्डिंग मागितलं नव्हतं. मग एकाने तोच फोटो पक्षी ओळखणाऱ्या ॲपमध्ये घातला. ॲपही म्हणालं छोटा टिलवा. त्याला तरी दुसरं काय दिसणार, पाय काळेच ना!

त्यावर अंगठ्यांची रांग. "धन्यवाद सर." "शिकायला मिळालं सर." संध्याकाळी तळ्यावर दिसलेल्या पक्ष्यांची यादी लागली, तिच्यात सतराव्या ओळीत: छोटा टिलवा, १.

फोटोखाली नाव माझं.