अडेप्ट म्हणजे हात बसलेला, जुळवून घेणारा नव्हे

सोलापुरात भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर इंग्रजी शब्दांचा एक फोटो फिरतोय. माझ्या भाच्याने तो मला पाठवला, वर 'मामा, पाठ पण झालं.' त्यात लिहिलंय: 'अडेप्ट हा शब्द अडॅप्टवरून आला. जो कशाशीही जुळवून घेतो तो अडेप्ट. दर्जा एक्स्पर्टच्या खाली. पुढे नेहमी विथ. फक्त माणसालाच लावतात.' पाच वाक्यं, पाचही चूक.

आधी जन्म बघू. अडॅप्टच्या मुळाशी लॅटिनमधलं 'बसवणे, जुळवणे' आहे. अडेप्टच्या मुळाशी वेगळंच क्रियापद, 'मिळवणे, गाठणे'. १७ व्या शतकात किमयागार हा शब्द वापरत: शिशासारख्या साध्या धातूचं सोनं करायचं गुपित ज्याला गवसलं, तो अडेप्ट. (गवसलं कुणालाच नव्हतं, ते सोडा.) आपला 'पारंगत' बघा, पलीकडच्या काठाला पोचलेला. दोन्ही शब्दांत कुठेतरी पोचणं आहे. तिसरा भाऊ समजला जाणारा अडॉप्ट तर 'निवडणे'वरून आला, ऑप्शनच्या घरातला.

आता अर्थ. अशोक चौकाकडे आमच्या ओळखीच्या एक अक्का विड्या वळतात. मांडीवर सूप, पानावर पत्र्याचा साचा, कात्रीचा एक फेर, चिमूटभर तंबाखू, वळलं, तोंड दुमडलं, दोरा. हे सगळं समोरच्या मालिकेवरची नजर न हलवता. याला इंग्रजीत अडेप्ट म्हणतात, मराठीत हात बसणं. मग एकदा कारखान्याने विडीचं माप बदललं, आखूड साचा दिला. दोन दिवस अक्कांच्या विड्या सैल, निम्म्या परत आल्या. 'हात ऐकंना की,' म्हणाल्या. म्हणजे अडेप्ट होत्याच, अडॅप्ट व्हायचं बाकी होतं. उलट माझा एक मित्र चादरीचं दुकान, मोबाइल रिपेअर, रिक्षा, सगळीकडे रुळला आणि कशातच हात बसला नाही. तो अडॅप्टेबल. फोटोवाल्याला बहुतेक हाच शब्द हवा होता.

दर्जाची शिडी मात्र कुठून आली ते कळतं. स्कायरिमसारख्या गेममध्ये नोव्हिस, अप्रेंटिस, अडेप्ट, एक्स्पर्ट, मास्टर अशा पायऱ्या असतात. गेमपुरतं ठीक. रोजच्या इंग्रजीत अडेप्ट ही मधली पायरी नाही, भरपूर कौशल्य असलेल्यालाच म्हणतात.

पुढे ॲट येतो, कधी इन. 'अडेप्ट विथ' अधूनमधून दिसतं, विशेषतः हत्यार-अवजाराबद्दल, पण 'नेहमी' हे थापच. आणि माणसालाच कशाला, कामालाही लावतात: 'अडेप्ट हँडलिंग', म्हणजे सफाईने केलेली हाताळणी.

भाच्याला म्हटलं, एक वाक्य करून दाखव. त्याने पाठवलं: 'अक्का इज अडेप्ट ॲट रोलिंग बीडीज.' खाली लगेच दुसरा मेसेज: 'मामा, तो फोटो मी अजून तीन ग्रुपला टाकलाय.'