मॅरेथॉन वाकडच्या पुलाखाली सुरू होते

आमच्या रनिंग ग्रुपवर चार महिने रोज खल चालला होता. लाँग रन ३० किलोमीटरचा करायचा की ३२ चा, टेपर (शर्यतीआधी सराव कमी करत नेणं) दोन आठवड्यांचा की तीन, पळताना ताकदीसाठी खायची जेल कुठली. शिकागो मॅरेथॉनच्या लॉटरीत आमच्यापैकी तिघांचा नंबर लागला होता, त्यामुळे उत्साहाला तोटा नव्हता. पण पुण्याहून शिकागोपर्यंत हे शरीर न्यायचं कसं, यावर चार महिन्यांत एकच मेसेज पडला: "सगळ्यात स्वस्त तिकीट कुठलं मिळतंय?"

इथेच आपलं चुकतं, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि हे मी स्वतःची नखं गमावून सांगतेय.

२०२३ ला बर्लिनला गेले होते. तिकिटात १८ हजार वाचवले म्हणून आठवडाभर घरात कॉलर ताठ. मधल्या विमानतळावर दुसरं विमान पकडायला फक्त सत्तर मिनिटं होती. मी धावत पोचले (सराव होता), माझी बॅग पोचली नाही. रेसचे बूट त्या बॅगेत. शुक्रवारी रात्री उतरले, रविवारी शर्यत. बर्लिनचा बिब (छातीवर लावायचा नंबर) घ्यायला टेंपेलहोफच्या प्रदर्शनात जावं लागतं, २००८ साली बंद झालेल्या विमानतळावर. चालू विमानतळाने बॅग हरवायची आणि बंद विमानतळावर नवे बूट विकत घ्यायचे! वाचवलेले १८ हजार त्या बुटांतच गेले. त्या रविवारी इथिओपियाच्या तिगिस्त असेफाने २ तास ११ मिनिटं ५३ सेकंदांत महिलांचा विश्वविक्रम केला, केनियाचा किपचोगे पाचव्यांदा बर्लिन जिंकला, आणि त्याच रस्त्यावर माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली.

म्हणून या वेळी ठरवलं होतं की मॅरेथॉन वाकडच्या पुलाखाली सुरू होते असं धरूनच चालायचं. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून आपल्याला थेट अमेरिका नाही, त्यामुळे आधी मुंबई. बुधवारी संध्याकाळी ७ ला वाकडच्या पुलाखालून शेअर टॅक्सी. (घरून स्वतंत्र गाडी करायला हवी होती, कबूल. सगळ्याच सवयी एकदम जात नाहीत.) फूड मॉलला गाडी थांबली, बाकीच्यांनी वडापाव घेतला, मी घरचा दहीभात खाल्ला. शर्यतीच्या आठवड्यात बाहेरचं नाही म्हणजे नाही. लोणावळ्याची शेंगदाणा चिक्की मात्र पिशवीत होती, कारण ३० किलोमीटरनंतर मला जेल बघवत नाही आणि चिक्की कधीही चालते. शिवाय सिक्युरिटीवाल्यांच्या दृष्टीने ती द्रवपदार्थ नाही.

रेसचे बूट, मोजे, कपडे, घड्याळ सगळं केबिन बॅगेत. चेक-इन बॅगेत फक्त अशा वस्तू, ज्या हरवल्या तर दोन शिव्या देऊन विसरता येतील.

पहाटे ३ चं विमान, फ्रँकफर्टला साडेतीन तास थांबा, मग पुढे साडेनऊ तास. लोक म्हणतात, विमानात काय, नुसतं बसायचं तर असतं. अहो, कुठे बसायचं ते तर बघा! केबिनमधली हवा साधारण ६ ते ८ हजार फुटांवर असते तितकी विरळ ठेवलेली असते. आपलं कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच शिखराच्याही वर, एप्रिलमधल्या दुपारसारख्या कोरड्या हवेत, गुडघे दुमडून अख्खा दिवस काढायचा. चार तासांहून लांब प्रवासात पायात रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते ती वेगळीच. शर्यतीच्या तीन दिवस आधी कुठला कोच तुम्हाला असला व्यायाम देईल?

म्हणून मी कायम कडेची सीट घेते, घट्ट मोजे घालते आणि दर तासाला उठते. दुसऱ्या विमानात शेजारी साताऱ्याच्या एक आजी होत्या, लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या. तिसऱ्यांदा उठले तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"पोट बिघडलंय का गं?"

"नाही आजी. रविवारी पळायचंय, पाय आखडायला नकोत."

"किती पळायचं?"

"बेचाळीस किलोमीटर."

त्यांनी जरा हिशोब केला. "वारीत पुण्याहून सासवडला जातो आम्ही एका दिवसात. तीसेक होत असेल, वर दिवेघाट. किती भरलेस याचे?"

मी आकडा सांगितला. त्या काही बोलल्या नाहीत, पण माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून विसरले नाहीये. मग स्वतःही उठल्या. "चल, माझेही पाय जड झालेत." पुढचे सहा-सात तास आम्ही दोघी अधूनमधून स्वयंपाकघराच्या पडद्यापर्यंत जाऊन परत यायचो. आजींची चाल माझ्या पेसरपेक्षा (शर्यतीत ठरावीक वेग धरून पळणाऱ्यापेक्षा) एकसारखी होती. वर सल्ला: "पोचल्यावर गरम पाण्यात पाय घाल, तेल लाव आणि लगेच फिरायला जाऊ नकोस शहाण्यासारखी." यातला शेवटचा भाग चार महिने पैसे देऊन कोचकडूनही ऐकला होता.

शिकागोत हॉटेलची खोली उघडली तेव्हा तिथे गुरुवार दुपारचे साडेचार, पुण्यात शुक्रवारची पहाट ३. वाकडपासून ३२ तास.

आता जेट लॅग. माझं मत इथे ग्रुपमधल्या बऱ्याच जणांना पटलेलं नाही, तरी लिहिते: शर्यतीसाठी पश्चिमेला जात असाल तर जेट लॅग पूर्ण घालवण्याच्या मागे लागू नका. फरक साडेदहा तासांचा, आणि शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासभर सरकतं. तीन दिवसांत ते जुळणारच नाही, मग झोपेच्या गोळ्या घेऊन त्याच्याशी भांडायचं कशाला? पश्चिमेला गेलं की संध्याकाळी सातला डोळे मिटतात आणि रात्री दोन-अडीचला टक्क जाग येते. शर्यत सकाळी साडेसातला, त्यासाठी उठायचं चारला. म्हणजे आयती सोयच झाली! मी सकाळी उन्हात थोडं फिरायचे, दुपारी झोपायचं नाही एवढं पाळलं आणि संध्याकाळी सरळ पांघरूण ओढलं. बरोबरचा एकजण मात्र 'लोकल टाइम' पाळायचा म्हणून रात्री अकरापर्यंत डोळे ताणून बसायचा, आणि तरी त्याला अडीचलाच जाग यायची. शर्यतीच्या दिवशी त्याचे डोळे पाहून मलाच झोप येत होती.

खरी पंचाईत पोटाची झाली. ते काही केल्या पुण्याची वेळ सोडेना. पळणाऱ्यांना कळेल, बाकीच्यांनी पुढे वाचा.

"एवढं करून पळायचंच तर पुण्यात काय वाईट आहे?" असं मावशी दर वेळी विचारते. १९८३ पासून पुण्याची स्वतःची मॅरेथॉन आहे, तीही मी पळलेय. मावशीचा मुद्दा तसा बिनतोड आहे. माझ्याकडे त्याला उत्तर नाही, फक्त पुढच्या वर्षीच्या लॉटरीचा फॉर्म आहे.

शर्यतीबद्दल काय लिहू? ५ तास ८ मिनिटं. शेवटच्या टप्प्यात रुझवेल्ट रोडवर एक छोटासा चढ येतो, त्याला तिथले लोक 'माउंट रुझवेल्ट' म्हणतात. सिंहगड चढणाऱ्या माणसाला हसूच यावं एवढासा. मी हसले नाही. चिक्कीचा शेवटचा तुकडा तिथेच तोंडात टाकला.

परतीचा प्रवास पूर्वेकडचा, त्यात दुखरे पाय, तो पुन्हा अख्खा भोगला. पहाटे वाकडला टॅक्सीतून उतरताना दाराला धरून एकेक पाय खाली ठेवत होते. ड्रायव्हर बॅग काढून देत म्हणाला, "मॅडम, पाय मुरगळला काय?"

मी हो म्हणाले. पहाटे पाच वाजता कोण सांगत बसणार.