थेरपी म्हणजे नुसता भूतकाळ नव्हे
‘थेरपी भूतकाळ उकरते, कोचिंग भविष्य घडवतं’ हे थेरपी (मानसोपचार) आणि लाइफ कोचिंग यांची तुलना करणाऱ्या तुमच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात मांडलेली कॉग्निटिव्ह थेरपी मुख्यतः आजच्या विचारांवर आणि वागण्यावर काम करते. त्यात उद्दिष्टं ठरवतात, दोन सत्रांच्या मधे करायला गृहपाठही देतात. खरा फरक आजार ओळखण्याचा आणि त्यावर उपचार करण्याचा आहे. कोचचं ते काम नाही आणि त्याचं तसं प्रशिक्षणही नसतं. शिवाय बहुतेक देशांत स्वतःला कोच म्हणवून घ्यायला कसलाच परवाना लागत नाही, हे लेखात यायलाच हवं होतं.

मी स्वतः पाच महिने कोचकडे जात होते. दर आठवड्याला नवं उद्दिष्ट ठरायचं, ते माझ्याकडून व्हायचं नाही, आणि मी स्वतःलाच आळशी ठरवायचे. झोप कशी आहे, जेवण जातंय का, जगणं नकोसं वाटतं का, हे मला पहिल्यांदा थेरपिस्टने विचारलं. ते नैराश्य होतं. बरी झाल्यावर नोकरी बदलताना मात्र त्याच कोचचा मला फार उपयोग झाला.