महाग म्हणजे सुरक्षित, असं कोणी सांगितलं?

विषय पैसे देऊन केलेल्या संबंधांचा आहे. ज्यांना अवघडल्यासारखं होईल त्यांनी इथूनच पुढे सरकावं. आपल्या इंदूरच्या मराठी घरांत हे नाव निघालं की सगळ्यांना एकदम दुसरी कामं आठवतात. माझं औषधांचं दुकान आहे, मला टाळता येत नाही.

दुकानात गर्दी नसते तेव्हा येतात. बरेचदा तोंडओळखीचीच पोरं. आधी खोकल्याची गोळी मागतात, मग मोबाइलमध्ये बघत, "काका, प्रिकॉशन म्हणून अ‍ॅझिथ्रोमायसिन द्या ना," म्हणजे अँटिबायोटिक. कशासाठी विचारलं की मान खाली. आणि त्यानंतर ठरलेलं वाक्य: "पण तसली जागा नव्हती हो. विजय नगरचं चांगलं हॉटेल होतं. पैसेही भरपूर घेतले."

अरे बाबा, ते पैसे कशाचे? खोलीचे, एजंटच्या वाट्याचे, पोलिसांच्या भीतीचे, वयाचे, गोऱ्या रंगाचे, इंग्रजी बोलण्याचे. त्याच हॉटेलात चहा दीडशेला मिळतो म्हणून दूध काही वेगळ्या गाईचं नसतं.

उलट धोका वाढला की भाव चढतो, असंच दिसतं. कलकत्त्याच्या सोनागाची या वेश्यावस्तीतल्या बायकांवर अर्थतज्ज्ञ विजयेंद्र राव आणि सहकाऱ्यांचा २००३ सालचा अभ्यास आहे. कंडोमचा आग्रह धरणाऱ्या बाईची कमाई ६६ ते ७९ टक्क्यांनी घटते, असा त्यांचा हिशोब. मेक्सिकोत २००५ सालच्या अभ्यासात कंडोमशिवायच्या संबंधांसाठी गिऱ्हाईक २३ टक्के जास्त मोजतं असं निघालं, आणि बाई फार देखणी असली तर ४६ टक्के. म्हणजे जास्त पैसे मोजून कंडोम टाळणाऱ्याने एवढंच लक्षात घ्यावं: त्याला 'हो' म्हणणारी त्याच्या आधीच्यालाही 'हो' म्हणाली असणार. आणि तो आधीचाही असाच पैसेवाला, 'सेफ' वाटणारा. रोग तिच्याकडूनच येतो हे गृहीत धरणंही मला पटत नाही. तिला तो कुणीतरी गिऱ्हाईकच देऊन गेलेलं असतं.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून पोरं चमकतात. ज्या बायका एड्स नियंत्रणाच्या सरकारी कार्यक्रमात नोंदलेल्या आहेत, त्यांच्यापर्यंत संस्थांचे कार्यकर्ते जातात, फुकट कंडोम देतात, दर सहा महिन्यांनी एचआयव्ही आणि सिफिलिसच्या तपासणीला पाठवतात. मोबाइलवर ठरणाऱ्या महागड्या व्यवहारात ही माणसं पोचणं फार अवघड. स्वस्त ते सुरक्षित असं मी म्हणत नाही, पण तपासणी कुणाची होते आणि कुणाची नाही, ते भावावरून कळत नाही.

"तिने रिपोर्ट दाखवला होता," असंही एकजण म्हणाला. एचआयव्हीचा संसर्ग झाल्यावर तपासणीत दिसायला काही आठवडे लागतात, साध्या अँटिबॉडी टेस्टला कधी तीन महिनेसुद्धा. क्लॅमिडिया या संबंधांतून पसरणाऱ्या रोगात बाईला बहुतेकदा काहीच जाणवत नाही, गनोरियात, म्हणजे परम्यातही बरेचदा तसंच. सिफिलिसची पहिली जखम दुखत नाही आणि आपोआप बरी होते, म्हणून माणूस निर्धास्त होतो. रोग आतच असतो. गुप्तांगावरच्या हर्पिसपासून आणि एचपीव्ही या विषाणूपासून तर कंडोमही पूर्ण वाचवत नाही.

काही घडलंच असेल तर माझ्या काउंटरवर वेळ घालवू नका. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं बरं, सुरू कराव्या लागतात आणि पूर्ण २८ दिवस घ्याव्या लागतात. सरळ एम.वाय. हे आपलं सरकारी रुग्णालय गाठा. तपासणी फुकट आहे, नाव गुप्त ठेवणं २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. आधी बोलायचं असेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन लावा. कावीळ ब ची लस घेतलेली नसेल तर तेही तिथेच विचारा.

कंडोम माझ्याकडे समोरच्याच फडताळात आहेत, वर्तमानपत्रात गुंडाळून देत नाही. अ‍ॅझिथ्रोमायसिन चिठ्ठीशिवाय मिळणार नाही, हॉटेल कितीही भारी असलं तरी.