‘डबल केबिन गळ्यात मारली’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

रामराम दादा,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. लगेच उत्तर लिहिलं नाही. आधी तुमच्या सौद्याची फाइल काढली आणि त्या दिवशी तुम्हाला गाडी दाखवणाऱ्या आमच्या पोराला समोर बसवून सगळं विचारलं.

बाकीच्यांना कळावं म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात लिहितो. आठ महिन्यांपूर्वी तुम्ही आमच्याकडून जुनी डबल केबिन, म्हणजे मागंही सीट असलेली पिकअप नेली. तुमची तक्रार अशी, की हौद्यात कडबा बसत नाही. सोयाबीनचे २२ कट्टे टाकले की गाडीचं तोंड वर होतं अन् स्टेअरिंग हलकं लागतं. तुम्ही सिंगल बघायला आला होता आणि आम्ही पैशाच्या नादात डबल गळ्यात मारली. अमेरिकेत ‘दीड केबिन’ची गाडी मिळते, भाच्यानं व्हिडिओ दाखवला, त्याबद्दल आम्ही तोंड उघडलं नाही. शेवटी तुम्हीच लिहिलंय, की खुरपणीच्या बाया आता आत बसून येतात, तेवढं एक बरं झालं.

आधी आमची चूक. ‘डबलमध्ये दोन्ही कामं होतात’ असं आमच्या पोरानं तुम्हाला सांगितलं होतं. त्यानं ते कबूल केलं. हे सांगणं अर्धवट होतं. डबल केबिन माणसंही नेते, मालही नेते, पण माल कमी नेते, आणि कुठला माल कमी नेते हे पैसे घेण्याआधी सांगणं आमचं काम होतं. तुमच्या दावणीला सहा म्हशी आहेत हे आम्हाला तुमच्या रिव्ह्यूतून कळलं. गाडी घेताना कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं, तर शेजारीच उभी असलेली सिंगल केबिन फाळका (हौद्याचं मागचं झडप) पाडून तुम्हाला दाखवली असती. त्याबद्दल मी तुमची माफी मागतो.

पैशाच्या नादाचं मात्र मान्य नाही. जुन्या गाडीवर आमची दलाली ठरलेली असते, केबिन कुठलीही असो. तुमच्या पावतीवर ती वेगळी लिहिलेली आहे. डबल महाग पडली कारण बाजारात तिला भाव जास्त आहे, तो फरक आधीच्या मालकाला गेला.

आता हौद्याचं. तुमच्यासारखी गाडी काल यार्डात उभी होती, टेप लावून बघितलं. हौदा पाच फुटांच्या आत भरला. सिंगल केबिनच्या पिकअपला तोच हौदा आठ, नऊ, नव्या मोठ्या गाड्यांना दहा फुटांपर्यंत मिळतो. हे गेलेले तीन-चार फूट मागच्या सीटला लागले. पण हे फूट सगळ्या मालाला सारखे नडत नाहीत. एक टन सोयाबीन साधारण दीड घनमीटरच्या आत मावतं. म्हणजे तुमचा छोटा हौदा फाळक्याच्या काठापर्यंत भरला, की गाडीचं पासिंग, म्हणजे तिला मंजूर असलेलं मालाचं वजन, संपतच आलं समजा. सिमेंट, खत, धान्य अशा वजनी मालाला जागा कमी पडायच्या आधी वजन पुरं होतं. कडबा, सोयाबीनची गुळी, वेचलेला कापूस, टोमॅटोचे कॅरेट यांचं उलटं आहे. वजन काहीच नाही आणि जागा खंडीभर. तिथं डबल केबिन निम्म्यात उरकते आणि डिझेल दोन खेपांचं जळतं. तुमची कडब्याची तक्रार शंभर टक्के खरी आहे.

२२ कट्ट्यांची तक्रार मात्र वेगळी आहे, आणि तिच्यावर मी जास्त लिहिणार आहे. मला तिची काळजी वाटते.

कट्टा ६० किलोचा धरला तर २२ कट्टे म्हणजे १३२० किलो. तुमच्या गाडीचं पासिंग एक टनाचं आहे. आरसीवर दोन आकडे बघा, रिकाम्या गाडीचं वजन आणि भरल्या गाडीचं एकूण वजन. या दोहोंमधल्या फरकात माल बसवायचा, आणि केबिनमधली माणसंही त्यातच मोजायची. आत पाच माणसं बसली तर अडीच-तीनशे किलो तिथंच गेले. मग कट्टे २२ सोडा, सोळाही जास्त होतात. २०१९ साली सुधारलेल्या मोटार वाहन कायद्यात जादा मालाला २० हजार दंड आहे, वर दर जादा टनामागं २ हजार. दंडाचं एक वेळ बाजूला ठेवा. तोंड वर होतं, ती खरी भीतीची गोष्ट आहे.

ते का होतं सांगतो. डबल केबिन लांब, म्हणून हौदा मागं सरकलेला. सिंगलमध्ये मालाचा बराच भाग मागच्या चाकांच्या पुढं पडतो, म्हणून त्याचं थोडं वजन पुढच्या चाकांवरही येतं. तुमच्या गाडीत मालाचा मध्य मागच्या ॲक्सलवर किंवा त्याच्याही मागं जातो. फाळका पाडून त्यावर कट्टे रचले तर मग तराजूच झाला. पुढची चाकं हलकी पडतात, स्टेअरिंग धरत नाही, ब्रेक मारल्यावर पुढची चाकं घसरतात आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो. मागच्या पाट्यात, म्हणजे स्प्रिंगमध्ये, एक जादा पान टाकून घ्या असं कुणी सांगेल. त्यानं मागची बाजू उचललेली दिसेल, पण मालाचं वजन जिथं पडतं तिथंच पडणार, आणि पासिंग एका किलोनंही वाढणार नाही. आजच एक करा. कट्टे केबिनच्या भिंतीला टेकवून रचायला सुरुवात करा, जड खाली, आणि फाळका बंद करूनच निघा. बसतील तेवढेच न्या.

२०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या दिवसांत पाण्याची टाकी ठेवायला गाडी पाहिजे म्हणून लोक रोज यायचे. हजार लिटरची टाकी दिसायला केवढीशी. छोट्या हौद्यातही मावते. पण हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो, आणि ते हिंदकळतं. लोक दोन हजारांची टाकी मागायचे, जागा आहे ना म्हणायचे. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला आधी ‘काय भरणार’ विचारतो आणि ‘किती मावतं’ नंतर सांगतो. तुमच्या वेळी तेच राहून गेलं, म्हणून मला जास्त लागलंय.

आता दीड केबिन. भाच्यानं दाखवलेली गाडी खरी आहे आणि तिकडं ती जुनी आहे. डॉजनं १९७३ला क्लब कॅब आणली, फोर्डनं १९७४ला सुपरकॅब. पुढच्या सीटमागं थोडी जागा आणि त्यात छोटी सीट. पुढं चार पूर्ण दारांची गाडी लोकांना जास्त आवडायला लागली, फोर्डच्या एफ-१५०लाही २००१पासून तशी सुपरक्रू केबिन आली. आजच्या एफ-१५०मध्ये हा हिशेब एकदम स्वच्छ दिसतो. साडेसहा फुटी हौद्याची सुपरकॅब आणि साडेपाच फुटी हौद्याची सुपरक्रू, दोन्हींच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर सारखंच, सुमारे १४५ इंच. हौद्यातला एक फूट काढून मागच्या माणसांच्या पायांना दिला, बस. सुपरक्रूला साडेसहा फुटी हौदाही मिळतो, पण मग गाडीच लांब होते. म्हणजे तिकडच्या माणसालाही हाच प्रश्न पडतो, फक्त तिथं फरक एका फुटाचा आहे आणि आपल्याकडं तीन-चार फुटांचा.

आणि त्या दीड केबिनचं मागचं दार नीट बघितलं का? ते उलटं उघडतं, बिजागरी मागच्या बाजूला. पुढचं दार उघडल्याशिवाय ते उघडतच नाही. मागच्या माणसाला उतरायचं तर आधी पुढच्यानं दार उघडायचं. ती सीट लेकरांना, दप्तराला, हत्यारांच्या पेटीला ठीक आहे. दिवसभर खुरपून आलेल्या बाईनं त्यात गुडघे दुमडून बसणं मला पटत नाही. टोयोटानं तर २०२४च्या टॅकोमाच्या एक्स्ट्राकॅबमधून मागची सीट काढूनच टाकली, तिथं आता नुसतं सामान ठेवायचं. आपल्याकडं इसुझूनं डी-मॅक्सची स्पेस कॅब काही काळ विकली, तीही केबिन थोडी लांब असलेली. माझ्या यार्डात ती कधी आली नाही. म्हणून आम्ही बोललो नाही, लपवलं असं नाही. पण तुम्ही विचारलं असतं आणि मी हे सगळं सांगितलं असतं, तरी तुमच्यासाठी ती गाडी मी सुचवली नसती. तुमची गरज लेकरांच्या सीटची नाही. तुम्हाला एक तर चांगली चार माणसं बसवायची आहेत, नाही तर कडबा आणायचाय.

म्हणून त्या बायांबद्दल लिहितो. तुम्ही ते रिव्ह्यूच्या शेवटी एका ओळीत उरकलंय. आपल्याकडं खुरपणीला, काढणीला, कापूस वेचायला बाया हौद्यात उभ्या राहून जातात, हे रोज दिसतं. दोरीला धरून, डोक्यावर पदर घेऊन. सर्वोच्च न्यायालयानं २००२मध्ये स्पष्ट केलंय, की मालवाहू गाडीतून नेलेल्या प्रवाशांची भरपाई विमा कंपनीच्या माथी येत नाही. कायद्यात १९९४ला सुधारणा होऊन मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी मालासोबत असेल तर त्याला संरक्षण मिळालं. खुरपणीच्या बाया त्यात बसत नाहीत. काही झालं तर ते गाडीमालकाच्या जमिनीवर येतं, आणि त्या घराचं जे जातं ते कशानंच भरत नाही. तुमच्या गाडीत आरसीप्रमाणं आसनं आहेत, पट्टे आहेत, वर टप आहे. तरी नंबरची पाटी पिवळी, मालवाहू गाडीची आहे, त्यामुळं भाडं घेऊन सीटा भरायच्या नाहीत. आणि विम्याची पॉलिसी काढून बघा, भाडं न देणाऱ्या माणसांसाठी वेगळा हप्ता असतो, तो भरलाय का. नसेल तर नूतनीकरणाची वाट न बघता जोडून घ्या, रक्कम फार नसते.

आता माझ्याकडून काय. गाडी परत आणा. लातुरातले दुसरे दोन व्यापारी तुम्ही निवडा, ते जो भाव सांगतील त्यातला जास्तीचा मी धरीन. त्यावर सिंगल केबिन घ्या, माझ्याकडची किंवा बाहेरची. माझ्याकडची घेतली तर दलाली घेणार नाही, आणि २९, ३० नंबरचे फॉर्म, नाव चढवायचा आरटीओचा खर्च माझा. हे इथं सगळ्यांसमोर लिहितोय, उद्या फिरायला जागा राहणार नाही.

पण माझं मत विचाराल तर घाई करू नका. वर्षाचा हिशेब घरी बसून मांडा. बाया किती दिवस नेता आणि कडबा किती दिवस आणता. माझ्या अंदाजानं कडब्याच्या खेपा ज्वारी निघाल्यावर पंधरा-वीस दिवसांत होऊन जातात. तेवढे दिवस दुसऱ्याची लांब हौद्याची गाडी भाड्यानं लावली, तर ते गाडी बदलण्यापेक्षा स्वस्त पडू शकतं. तुमच्या म्हशींना मधेमधे वैरण विकत आणावी लागत असेल तर माझा अंदाज चुकेल, मग सिंगलच बरी. आणि सिंगल घेतली तर त्या बायांना कशात नेणार, हेही त्याच दिवशी ठरवा. हौद्यात नाही.

हा रिव्ह्यू काढा असं मी म्हणणार नाही. सिंगल की डबल या घोळात असलेल्या दुसऱ्या कुणाला तो उपयोगी पडेल.

मी गुरुवार सोडून रोज सकाळी ९पासून यार्डात असतो. येताना आरसी, विमा आणि आमची पावती घेऊन या. गाडी रिकामी आणा, बाजूच्या काट्यावर तिचं खरं वजन घेऊन आरसीतल्या आकड्याशी ताडून बघू. मागं लोखंडी जाळी अन् गार्ड बसवलेत असं तुम्ही लिहिलंय, त्यांचं वजनही तुमच्या मालातूनच वजा होतंय.