ठकूचं शिफ्टिंग

ठकूला घर लहान पडतंय हे मला दोन महिन्यांपासून दिसत होतं आणि दर शनिवारी मी "उद्या नक्की" म्हणत होतो. ठकू म्हणजे आमची टॅरांट्युला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, जात मेक्सिकन रेड नी, पायांच्या सांध्यांवर केशरी पट्टे. एरवी इतकी ढिम्म की मेली की काय म्हणून मी कितीदा टॉर्च मारून बघितलंय. मध्ये तिने कात टाकली, त्यानंतर अंग कडक होईपर्यंत आठ-दहा दिवस तिला हलवायचं नसतं, हे कारण मी महिनाभर पुरवलं.

शेवटी बाथरूम ठरलं. मोरीच्या जाळीवर बोळा कोंबला, मोठ्या टबात दोन्ही टँक शेजारी शेजारी ठेवले आणि फरशीवर मांडी ठोकली, कारण तिचं पोट म्हणजे पाणी भरलेला फुगा, थोड्या उंचीवरून पडली तरी फुटायचं. म्हणूनच नवीन टँकमध्येही माती पार वरपर्यंत भरलेली.

"चावली म्हणजे रे?" दाराबाहेरून आई.

"सहज नाही चावत गं. आणि चावलीच तर गांधीलमाशीएवढं."

"मग तो पोहायचा चष्मा कशाला घातलायस?"

तो केसांसाठी. बाईसाहेब चिडल्या की मागच्या पायांनी पोटावरचे केस उडवतात, कातडीला लागले तर खाज आणि डोळ्यात गेले तर थेट डॉक्टर.

तर प्लॅन असा की पुढे डबा आडवा धरायचा आणि मागून मऊ ब्रशने हळूच टोचायचं. टोचलं. एक पाय उचलला, विचार केला, परत ठेवला. परत टोचलं. असं करत करत वीस मिनिटांनी सात पाय डब्यात आणि एक बाहेर, मग तोही आत गेला आणि मी हुश्श केलं.

तिथेच चुकलं. तिला डोळे आठ, पण दिसतं जेमतेम, सगळं कळतं ते अंगावरच्या केसांनी, त्यामुळे फुंकर म्हणजे तिच्या दृष्टीने कोणीतरी खायला आलं, आणि माझं ते हुश्श बरोब्बर तिच्या पाठीवर. डब्यातून ब्रशवर, ब्रशवरून ग्लोव्हवर आणि तिथून माझ्या कोपरावर, हे सगळं मला नंतर जुळवावं लागलं, तेव्हा फक्त कोपर जड झालेलं कळलं.

"झालं का रे?" आई.

आता बोलायचं म्हणजे श्वास सोडायचा.

"अरे गप्प का? ए! चावली का?"

मी डोळ्यांनी हो-नाही करत होतो, बंद दाराला. मग हात इंच इंच करत नवीन टँकमध्ये उतरवला, तशी ती आपली आपण, पाहुण्यांकडून घरी परतावं तशी, उतरली. झाकण लावलं आणि मग आईला ओ दिली, तोवर ती शेजाऱ्यांना हाक मारायला निघाली होती.

आनंदाच्या भरात चष्मा, ग्लोव्ह्ज सगळं काढलं आणि जुना टँक उघड्या हातांनी खरवडला. जुन्या जाळ्यात तिचे केस भरलेले असतात हे मला पाठ आहे, मी दुसऱ्यांना सांगतो. तीन दिवस मनगटं खाजवली.

ते तीनही दिवस ठकू काचेला चिकटून, मातीला पाय लावेना. चौथ्या दिवशी खाली उतरली आणि पाण्याची वाटी मातीने गच्च भरून टाकली. आईने लांबूनच बघितलं आणि म्हणाली, "तिने चार दिवसांत घर लावायला घेतलं. तुझी खोली कधी?"