घंगाळभर फो

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या कुठल्याही छोट्या मॉलमध्ये, नखं रंगवायच्या दुकानाला खेटून, एक व्हिएतनामी हॉटेल असतंच. तिथे फो, म्हणजे रस्स्यातल्या तांदळाच्या शेवया, ज्यातून पुढ्यात येतो त्याला ते वाडगं म्हणतात. मी घंगाळ म्हणते.

रस्सा सहा ते बारा तास शिजलेला असतो. हाडं उकळून पहिलं पाणी फेकायचं, मग मंद आचेवर, त्यात भाजलेला कांदा, आलं, चक्रीफूल, दालचिनी, मसाला वेलची. मसाल्याचा डबा आपलाच, फक्त फोडणी नाही. घाई सुरू होते ती घंगाळ टेबलावर टेकल्यावर. तांदळाच्या शेवया रस्सा पितात आणि पंधरा मिनिटांत फुगून तुटायला लागतात. वाडगी तयार होतील तशी येतात, आणि आपली माणसं 'सगळ्यांचं येऊ दे' म्हणत हात जोडून बसतात. बसू नये. वर ठेवलेले मांसाचे कच्चे पातळ काप रस्स्याच्या उष्णतेवरच शिजायचे असतात. दाबून आत बुडवावे लागतात. गोमांस नको असेल तर 'फो गा', म्हणजे कोंबडीचा. पण रस्साही कोंबडीचाच का, हे विचारून घ्यावं.

मग शेजारची हिरवी ताटली. व्हिएतनामच्या १९५४च्या फाळणीनंतर उत्तरेचे लाखो लोक दक्षिणेत आले, त्यांच्याबरोबर फोही तिथे पसरला, आणि पाल्याचा हा थाट सायगावचा. हनोईतली जुनी मंडळी त्याकडे भुवया उंचावूनच बघतात. मोड आलेले मूग आधी, तळाशी. शेवटी घातले तर कच्चे राहतात आणि रस्सा गार करतात. तुळशीची फक्त पानं खुडायची, काड्या नाहीत. लिंबू पहिला घोट घेतल्यानंतर. मिरचीच्या दोन चकत्या पुरतात. त्या रस्स्यात राहून तिखटपणा सोडत राहतात, त्यामुळे 'आम्ही कोल्हापूरचे' हे वाक्य तळाशी पोचेपर्यंत राखून ठेवावं.

काळा गोड होयसिन सॉस घंगाळात ओतणाऱ्याला मात्र माफी नाही. तो छोट्या बशीत, श्रीराचा या लाल तिखट सॉसशेजारी घ्यायचा आणि मांस त्यात बुडवायचं. चॉपस्टिक्स उजव्या हातात, चमचा डाव्या, शेवया एका वेळी चार-पाच, आणि तोंड वाडग्याकडे न्यायचं. पांढरा शर्ट घरी.

शाकाहाऱ्यांनी 'चाय' मागावं, चहा नव्हे, व्हिएतनामीत त्याचा अर्थ शाकाहारी. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले कित्येक बौद्ध तेच खातात, त्यामुळे कुणी चमकत नाही. तरी टोफूच्या रोलबरोबरची पातळ चटणी माशाच्या सॉसचीच असण्याची शक्यता दाट. दाण्याची मागावी, तीही चौकशी करून.

कॉफी जेवणाबरोबरच सांगावी. फिनमधून, म्हणजे पेल्यावर ठेवलेल्या धातूच्या गाळणीतून, थेंबथेंब गळायला पाच मिनिटं लागतात, आणि आतली चाळणी घट्ट दाबलेली असेल तर गळतच नाही. जरा सैल करावी. खाली कंडेन्स्ड मिल्क साचलेलं असतं. ढवळल्याशिवाय पिणाऱ्याला आधी कडू काढा आणि मग खीर मिळते.

बिलाची वाट बघत बसू नये, ते बरेचदा येतच नाही. टेबलाचा नंबर सांगत गल्ल्यावर जायचं. 'फक्त रोख' ही पाटी असलीच तर तिथेच, गल्ल्याच्या मागे लावलेली असते.